रणजीच्या मागे : मुंबई, इंदूर, हैदराबाद

(१९७३ च्या मॅट्रिक बॅचच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, ‘निवृत्तीनंतर काय केलंस, त्यावर दहा मिनिटं बोल.’ आपल्यापैकी कुणी नर्मदा परिक्रमा केली, कुणी अमेरिकेत नातवंडं सांभाळली, कुणी शेततळं बांधलं. मी यातलं काहीच केलं नाही. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून ३१ ऑक्टोबर २०१३ ला निवृत्त झालो आणि पुढच्या तीन महिन्यांत रणजी करंडकाचे तीन सामने बघायला तीन शहरांत गेलो. बायको म्हणाली, ‘लोक निवृत्तीनंतर काशीला जातात, तुम्ही वानखेडेला चाललात.’ तर त्याचीच गोष्ट सांगतो. त्यात शेवटी एक विनंती आहे, ती मात्र दहा मिनिटांच्या बाहेर गेली तरी ऐकून घ्या.

सुरुवात झाली ती वर्तमानपत्रातल्या बातमीने. दिवाळीच्या सुमारास वाचलं की, आपल्या जालन्याच्या विजय झोलने महाराष्ट्राकडून रणजीत पदार्पण केलं आणि पहिल्याच सामन्यात त्रिपुराविरुद्ध नाबाद २०० धावा काढल्या. हे नाव आपल्याला नवीन नव्हतं. २०११ मध्ये याच पोराने एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध ४६७ चेंडूंत नाबाद ४५१ केल्या होत्या. तेव्हा गांधी चमनला चहाच्या प्रत्येक टपरीवर हाच विषय होता. आपल्या गावाचं नाव पेपरात यायचं ते एक तर बियाण्यांमुळे, नाही तर लोखंडामुळे, नाही तर पाण्यामुळे. त्या २०१३ च्या उन्हाळ्यात तर घाणेवाडीचा तलाव आटला होता आणि आपण टँकरच्या मागे घागरी घेऊन पळत होतो. अशा वर्षात गावाचं नाव चांगल्या कारणासाठी छापून आलं. मी ते कात्रण कापून खिशात ठेवलं आणि नव्या जालन्यात मोंढ्यात गेलो.

मोंढ्यात का, ते सांगतो. आपल्या वर्गात माझ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, एक जण बसायचा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो आठवेल. आझाद मैदानावर आंतरशालेय सामन्यात आपण हरत आलो होतो आणि त्याने एकट्याने टिकून सामना वाचवला, तो. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर स्कोअर लिहायचा आणि त्यासाठी छड्या खायचा, तोही तोच. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन सुरू झालं की, आम्ही दोघं हॉटेलच्या रेडिओखाली उभे राहायचो. मालक एका चहावर दोन तास उभं राहू द्यायचा. पंडित बोलत जायचे आणि हा चेंडू-चेंडू लिहीत जायचा. तेव्हाच आमचं ठरलं होतं की, मोठे झाल्यावर दोघांनी मिळून एक तरी रणजी सामना डोळ्यांनी बघायचा. कसोटीचं तिकीट आपल्याला परवडणार नाही, एवढं व्यवहारज्ञान त्या वयातही होतं.

मग १९७२ चा दुष्काळ आला. तो मी तुम्हाला सांगायची गरज नाही. लाल मिलोच्या भाकरी आपण सगळ्यांनीच खाल्ल्या आहेत. त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. त्याच्या घरचे सगळे पाझर तलावाच्या कामावर गेले होते आणि तोही खडी फोडायला लागला होता. अकरावीचं वर्ष, मॅट्रिकला चार महिने राहिले होते.

त्याच हिवाळ्यात इंग्लंडचा संघ आला होता. वाडेकर कप्तान. सामना असला की मी रेडिओवर ऐकायचो आणि संध्याकाळी तो कामावरून परतला की, त्याच्या घरी जाऊन सगळा स्कोअर तोंडी सांगायचो. त्याच्या हाताला फोड आलेले असायचे, तरी तो पेन्सिलीने लिहून घ्यायचा. दिल्ली झाली, कलकत्ता झालं, मद्रास झालं, कानपूर झालं. मग माझा अभ्यास वाढला. वडील म्हणाले, आता हे धंदे बंद. मी त्याच्याकडे जायचं थांबवलं. पुढे मी कॉलेजला औरंगाबादला गेलो, नोकरी लागली, आणि तो मोंढ्यात मापाडी झाला. रस्त्यात भेटायचो, ‘काय कसं काय’ व्हायचं. कुंडलिकेच्या अलीकडे मी आणि पलीकडे तो. चाळीस वर्षं अशीच गेली.

तर मी कात्रण घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. काट्यावर तुरीचं पोतं होतं. त्याने कात्रण वाचलं, घडी करून परत दिलं आणि म्हणाला, ‘कधी निघायचं?’

साखळीतले सामने घरची कामं आवरण्यात हुकले. पण महाराष्ट्राची गाडी जोरात होती. तुमच्यापैकी ज्यांना क्रिकेटमध्ये रस नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या वर्षी रणजीत अ, ब आणि क असे तीन गट होते आणि आपला संघ होता क गटात, म्हणजे उतरंडीत सगळ्यात खाली. ज्या महाराष्ट्राने प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला, तो क गटात. त्या गटातून दोनच संघ वर जाणार होते. महाराष्ट्र गेला, आणि दुसरा गेला जम्मू-काश्मीर. उपांत्यपूर्व फेरीत आपल्यासमोर आली मुंबई. मैदान वानखेडे. चाळीस वेळा रणजी जिंकलेला आणि आदल्याच वर्षीचा विजेता संघ, तोही त्याच्या घरी.

इथे एक गंमत आहे. बाहेरच्यांना वाटतं मुंबई म्हणजेच महाराष्ट्र. क्रिकेटमध्ये तसं नाही. मुंबईचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा, आणि उरलेला महाराष्ट्र म्हणजे पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, आपला मराठवाडा, हा एक संघ. त्यामुळे त्या दिवशी आम्ही खऱ्या अर्थाने परगावचे पाहुणे होतो.

जानेवारी २०१४. जालना स्टेशनवरून रात्रीची देवगिरी पकडली. पेन्शनर माणूस मी, मला काय, पण त्याच्यासाठी ऐन हंगामाचे दिवस होते. मोंढ्यात आवक चालू होती. गेलेल्या प्रत्येक दिवसाची त्याची मजुरी बुडत होती. मी म्हणालो, ‘खर्च माझा.’ तो म्हणाला, ‘मग मी नाही येत. अर्धा-अर्धा.’ शेवटपर्यंत तेच चाललं. त्याच्या वहीत पुढून स्कोअर आणि मागून खर्च. वडापाव दोन, लोकलचं तिकीट दोन, सगळं निम्मं-निम्मं. सारी नोकरी लेखा विभागात काढलेल्या माणसाला त्या हिशेबात एक रुपयाची चूक सापडली नाही.

उतरलो डोंबिवलीला, माझ्या साडूंकडे. रोज सकाळी लोकलने चर्चगेट बाजूला. २०११ चा विश्वचषक जिथे जिंकला ते मैदान. टीव्हीवर बघितलं तेव्हा तिथे मुंगीला जागा नव्हती. आम्ही आत गेलो तर हजारो खुर्च्या आणि माणसं बोटांवर मोजता येतील एवढी. बहुतेक आमच्यासारखेच पांढऱ्या केसांचे, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन आलेले. टीव्हीवर जे कळत नाही ते तिथे कळलं. चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात बसल्याचा आवाज येतो. क्षेत्ररक्षक एकमेकांना मराठीत शिव्या घालतात, त्याही ऐकू येतात.

मुंबईने पहिल्या डावात ४०२ केल्या, आपल्या झाल्या २८०. म्हणजे १२२ ची पिछाडी. शेजारी बसलेले एक मुंबईकर गृहस्थ आम्हाला चकली देत म्हणाले, ‘वाईट वाटून घेऊ नका, इथे सगळ्यांचं असंच होतं.’ आणि मग दुसऱ्या डावात आपल्या गोलंदाजांनी मुंबईला १२९ मध्ये गुंडाळलं. जिंकायला हव्या होत्या २५२.

सुरुवातीलाच दोन गडी गेले. मग केदार जाधव आणि विजय झोल एकत्र आले. झोलला तेव्हा एकोणीस वर्षं पूर्ण होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. पोरगं डावखुरं, चेंडूची वाट बघणारं. समोर मुंबईची गोलंदाजी, आणि हा असा खेळत होता जणू आझाद मैदानावर रविवारचा सामना आहे. माझा मित्र एक शब्द बोलत नव्हता. मला लघवीला जायचं होतं, तर त्याने मनगट धरून खाली बसवलं. ‘जागा सोडायची नाही.’ मी सोडली नाही. पुढच्या दोनशेहून जास्त धावा त्या दोघांनी न बाद होता केल्या. जाधव नाबाद १२०, झोल नाबाद ९१. आठ गडी राखून मुंबई हरली. चकलीवाले गृहस्थ उठले, आमच्याशी हात मिळवला आणि विचारलं, ‘तुम्ही कुठले?’ मी सांगितलं, जालना. ‘म्हणजे तो झोल तुमचाच की!’ माझा मित्र म्हणाला, ‘व्हय, मपलाच हाय.’ आयुष्यात त्याची-झोलची गाठ नाही, पण त्या क्षणी त्याच्या आवाजात असं होतं की, जणू घरचंच पोर मॅट्रिक पास झालंय.

खेळ संपल्यावर आम्ही तसेच बसून राहिलो. मैदानावर माळी आले. तेवढ्यात त्याने वही मिटली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘मुंबईच्या कसोटीचं काय झालं होतं रे? तू आलाच नाहीस सांगायला.’

मला एक क्षण कळेना. आणि मग कळलं. १९७३ च्या फेब्रुवारीतली इंग्लंडविरुद्धची पाचवी कसोटी. शेजारच्याच ब्रेबॉर्नवर झालेली. त्या वेळी मी जायचं थांबवलं होतं.

मी म्हणालो, ‘अनिर्णित. फारूख इंजिनिअर १२१, विश्वनाथ ११३. मालिका आपण दोन-एक जिंकली.’

तो म्हणाला, ‘मला ठाऊक आहे. पेपरात वाचलं होतं. पण मी लिहायला बसलो होतो.’

एवढंच. पुढे त्याने तो विषय काढला नाही. डोंबिवलीच्या गाडीत मला खिडकी दिली आणि स्वतः उभा राहिला.

उपांत्य सामना इंदूरला, होळकर स्टेडियमवर, बंगालशी. औरंगाबादहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने धुळे, सेंधवा करत गेलो. थंडी अशी की, दोघांनी एकच घोंगडी पांघरली. सकाळी पोहे-जिलबी खाऊन मैदानात. इंदूर हे क्रिकेटचं जुनं तीर्थ आहे. होळकरांच्या संघाने रणजी चार वेळा जिंकली. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली त्या संघाचे. आणि महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकरही काही काळ होळकरांकडून खेळले. निंबाळकरांची गोष्ट नव्या पिढीला सांगायला हवी. १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा विश्वविक्रम होता ४५२ चा. दहा धावा हव्या होत्या, आणि समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. आमच्या झोलचे नाबाद ४५१, तेही ४५२ ला एक कमी. मी हे सगळं सांगितल्यावर मित्र म्हणाला, ‘दोघंबी नाबादच ना? मग त्यांचा डाव संपला, असं कामून म्हणायचं?’

समद फल्लाहच्या स्विंगपुढे बंगालचा पहिला डाव ११४ वर आटोपला. तिथेच सामन्याचा निकाल लागल्यासारखा होता. महाराष्ट्र दहा गडी राखून जिंकला, पाचवा दिवस लागलाच नाही. १९९२-९३ नंतर पहिल्यांदा आपला संघ अंतिम फेरीत. आम्ही निघालो होतो गावच्या एका पोरासाठी. इंदूरहून परतताना आम्हाला अकराही जण पाठ झाले होते.

अंतिम सामना २९ जानेवारीपासून हैदराबादला, उप्पलच्या राजीव गांधी स्टेडियमवर. प्रतिस्पर्धी कर्नाटक. हैदराबाद आपल्याला परकं नाही. आपले वाडवडील १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातले. कोर्टकचेरी, शिक्षण, नोकरी सगळं हैदराबादला. आपल्या दारावरून जाणारी रेल्वे ही निजामाच्याच काळातली. माझ्या मित्राची जालन्याची हिंदी आणि तिथल्या कंडक्टरची हिंदी इतकी जुळली की, त्याने आम्हाला उप्पलला बरोबर गेटासमोर उतरवलं.

रोहित मोटवानीच्या संघाने पहिल्या डावात ३०५ केल्या. त्यात अंकित बावणेच्या ८९. हा अंकितही आपल्या मराठवाड्याचाच. कर्नाटकने उत्तर दिलं ५१५ चं. गणेश सतीशचं शतक आणि के. एल. राहुल नावाच्या एका पोराच्या १३१. मित्र म्हणाला, ‘हे पोरगं मोठं होणार.’ त्याच वर्षाच्या शेवटी राहुल मेलबर्नला कसोटी खेळला. दुसऱ्या डावात केदार जाधवने शतक ठोकून संघाला ३६६ पर्यंत नेलं. त्या हंगामात देशात सगळ्यात जास्त, १२२३ धावा त्याच्या. पण कर्नाटकला हव्या होत्या फक्त १५७. त्यांनी तीन गडी गमावून केल्या. सात गड्यांनी हरलो.

कर्नाटकची पोरं उड्या मारत होती. आमच्या बाजूला सगळं शांत. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी बाजूला बघितलं, तर हा वही घेऊन लिहीत बसला होता. विचारलं, ‘आता काय राहिलं? संपलं की.’ तो म्हणाला, ‘नावं लिहायची राहिलीत.’ कर्नाटकचे तीनच गडी बाद झाले होते, म्हणजे पाच जणांनी फलंदाजी केली. उरलेल्या सहा जणांची नावं तो एकेका ओळीवर लिहीत होता आणि प्रत्येकापुढे ‘खेळला नाही’ असं. मी म्हणालो, ‘जाऊ दे ना, त्यांची बारीच आली नाही.’ तो म्हणाला, ‘बारी आली नाही म्हणून काय झालं? संघात व्हता ना. ज्याची बारी येत न्हाई त्याचंबी नाव लिहायचं असतंय गड्या. नाही तर अकरा भरत न्हाईत.’

मी तेव्हा ते ऐकलं आणि सोडून दिलं.

त्यानंतरही आम्ही थांबलो नाही. फेब्रुवारीत झोल एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कप्तान म्हणून अमिरातीत गेला. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून हरले, ते आम्ही माझ्या घरी टीव्हीवर पाहिलं. मग उन्हाळाभर रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धा. बदनापूर, अंबड, परतूर, जिथे लाऊडस्पीकर लागेल तिथे. रणजीला तरी पंच नीट कपड्यांत असतात. इथे पंच लुंगीत, सीमारेषेला चुन्याची फक्की, आणि झाडाला लागला की दोन धावा. तरी तो वही काढायचा. गावातली पोरं भोवती जमायची, ‘बाबा, माझे किती झाले?’ विचारायला. पहिल्या चेंडूवर बाद झालेल्यालाही तो त्याचं नाव आणि पुढे शून्य दाखवायचा, आणि ते पोर ते बघून खूश व्हायचं.

आता विनंती.

या मेळाव्यासाठी आपल्या बॅचची यादी तयार झाली. शाळेच्या रजिस्टरातून १९७३ ला मॅट्रिकच्या परीक्षेला बसलेल्यांची नावं काढली. ती यादी तपासायचं काम संयोजकांनी माझ्याकडे दिलं, कारण मी हिशेबातला माणूस. मी रजिस्टरशी ताडून पाहिली, बेरीज जुळली आणि मी खाली सही केली. आमंत्रणं गेली. आणि आठ दिवसांनी रात्री मला झोप येईना, कारण त्या यादीत माझ्या बाकावरचा माणूस नव्हता. तो परीक्षेला बसलाच नव्हता, मग रजिस्टरात कुठून असणार? चूक रजिस्टराची नाही. ते परीक्षेचं रजिस्टर आहे. चूक माझी आहे. दुसऱ्यांदा तीच. १९७३ मध्ये मी त्याला स्कोअर सांगायला गेलो नाही, आणि आता यादीवर सही केली.

आणि तो एकटा नाही. मी त्यानंतर बसून आठवलं. त्या दुष्काळाच्या वर्षात आपला वर्ग अर्ध्यातून कुणी कुणी सोडला, ते तुम्हीही आठवा. मुलींच्या बाकांवरच्याही काही जागा त्या हिवाळ्यात रिकाम्या झाल्या होत्या. कुणाचं लग्न उरकलं, कुणी आईबरोबर कामावर गेली. आपण हजेरीला त्यांच्या नावापाशी थांबायचो, मग सरांनी ती नावं घेणंही बंद केलं.

मी काल त्याच्याकडे जाऊन आलो. म्हणालो, उद्या चल. तो म्हणाला, ‘मला कशाला बोलावता? मी कुठं मॅट्रिक?’ मी त्याला हैदराबादची वही काढायला लावली आणि ते सहा नावांचं पान उघडून दाखवलं. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, ‘बघू.’ तो आलाय की नाही, मला अजून माहीत नाही. मघापासून मी दाराकडे बघतोय, ते त्याचसाठी.

त्याचं नाव मी आत्ता इथे घेणार नाही. मोंढ्यातल्या माणसाला असं माईकवरून नाव घेतलेलं आवडणार नाही. माझी विनंती एवढीच आहे की, स्मरणिका छापायला जाईल तेव्हा शेवटी आपल्या बॅचची जी यादी येते, त्यात अर्ध्यातून गेलेल्या सगळ्यांची नावं घाला. वेगळ्या मथळ्याखाली नको, खाली चौकटीतही नको. हजेरीच्या क्रमानेच. मी त्या यादीवर पुन्हा सही करीन, आणि या वेळी बेरीज रजिस्टरशी जुळणार नाही, तरी करीन.

 जेवणाच्या वेळी मला दाराजवळ बसू द्या.